दारफळणीचा पंचनामा

माझ्या जिभेला हाड नाही, हे मी आधीच सांगून टाकते. लग्न होऊन वाकरूळकरांच्या घरात आले तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. म्हणाले, मलका गुणाची आहे, पण तोंड म्हणजे पट्टा. खोटं कशाला बोलू, खरंच आहे ते. या तोंडानेच मी घर घालवायची वेळ आणली आणि या हातानेच ते परत मिळवलं. परत मिळवताना काय गेलं, ते सांगायला बसले आहे.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण कोकणातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आमच्या वाडवडलांना शनवार तेली म्हणत. बोलायचं मराठी, नेसायचं लुगडं, खायची आमटी-भाकरी. देव तेवढा एक आणि त्याला मूर्ती नाही. एवढं सांगितलं तरी नव्या बिल्डिंगमधल्या बायका विचारायच्या, म्हणजे तुम्ही पारशी का हो?

वाशीच्या नव्या सरकारी वसाहतीतलं घर आम्हाला एक्याऐंशीच्या डिसेंबरात मिळालं. त्याआधी अकरा वर्षं मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत काढली, दोन दीर, दोन जावा आणि त्यांची पोरं यांच्यात. माझा स्टोव्ह पेटवायला मला जावेच्या तोंडाकडे बघावं लागायचं. मग दोन्ही दीर इस्राएलला गेले, आणि आम्हाला हे घर लागल्यावर ती खोली मालकाला परत केली. परतीचा दोर आम्ही आमच्या हाताने कापला होता. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, उलट मी पेढे वाटले.

आमचे हे, रहामिम, तुर्भ्याच्या एका कारखान्यात फिटर. बोलायला कमी, पण हाताला गप्प बसणं माहीत नाही. घर ताब्यात आलं त्या दिवसापासून यांनी त्याला ज्यूचं घर करायला घेतलं. ओट्यावर एकच मोरी होती. मटणाची आणि दुधाची भांडी आम्ही एकत्र धूत नाही, म्हणून यांनी कडेला कडप्प्याची दुसरी मोरी बसवली. शुक्रवारी सांजेला आमच्यात दिवा छताला टांगतात, काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल, त्यात वात. त्यासाठी स्लॅबमध्ये हूक ठोकला, तर वरच्यांच्या न्हाणीचं पाणी नेमकं त्या भोकातून ठिबकायला लागलं. दोन रविवार डांबर लावण्यात गेले. मीठपाण्याच्या वाऱ्याने खिडक्यांचे गज गंजायचे, ते घासून रंगवायचे. वल्हांडणाच्या, म्हणजे आमच्या चैत्रातल्या सणाच्या, आधी सगळं घर चुन्याने पांढरं केलं आणि भांड्यांना कल्हई लावून आणली. अंगण नसलेल्या दीड खोलीच्या घराला एवढं कौतुक झेपेना, असं मी म्हणायचे.

दाराची चौकट लोखंडी. तिथे मेझुझा लावायचा होता. मेझुझा म्हणजे बोटभर लांब डबी, आत चामड्यावर लिहिलेलं देवाचं वचन असतं, दाराच्या उजव्या अंगाला तिरकी बसवतात. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ती ओठाला लावायची. लोखंडात खिळा कसा जाणार? यांनी कारखान्यातून ड्रिल मागून आणलं, भोकं पाडली आणि पितळी स्क्रूने डबी बसवली. समोरच्या शेवंताबाईने पहिल्या आठवड्यात ती घंटी समजून दोनदा दाबली.

आणि सगळ्यात शेवटी यांनी दाराला नाईट लॅच बसवलं. आमच्या मजल्यावर कोणाकडे नव्हतं. आधी साधी कडी होती, बाहेर जाताना कुलूप लावायचो. नाईट लॅच आल्यापासून नुसतं दार ओढलं की झालं. मी सगळ्यांना दोन-दोनदा उघडून दाखवलं होतं. बाहेरून पाहिलं तर माणूस आत आहे की गावाला गेलाय, काही म्हणता काही कळत नाही. याचीच मला तेव्हा फुशारकी.

आता घराची एक अट होती. ज्याला घर मिळालं त्याने स्वतः राहायचं, भाड्याने द्यायचं नाही, बंद ठेवायचं नाही. बंद घरं खूप झाली म्हणून ब्याऐंशीच्या पावसाळ्यात वसाहतीच्या ऑफिसातली माणसं दारोदार तपासायला लागली. ऑगस्टात एका शनिवारी आली, तेव्हा आम्ही आदल्या सांजेपासून मुंबईला सिनेगॉगला, आमच्या प्रार्थनामंदिरात, गेलेलो. आलो तर दारात चिठ्ठी, घर बंद आढळले. दुसऱ्यांदा आली ती नव्याच्या सणाला, आमच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी. तेव्हाही आम्ही मुंबईत. पुन्हा चिठ्ठी. मी म्हटलं, अहो ऑफिसात जाऊन सांगून या. हे म्हणाले, सणाचे दिवस आहेत, दारफळणी होऊ दे, मग जातो.

दारफळणी म्हणजे किप्पूर. वर्षभराच्या पापांची माफी मागायचा दिवस. आमचे जुने लोक त्या दिवशी दारं बंद करून घ्यायचे म्हणून हे नाव. आदल्या सांजेपासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत पोटात पाणी नाही, अंगावर पांढरे कपडे, बाहेरच्या कोणाशी बोलणं नाही, कोणाला शिवणं नाही. मुंबईत हल्ली सगळे सिनेगॉगमध्येच दिवस काढतात. पण यांच्या वडलांचं म्हणणं होतं, ज्या घरात एक दारफळणी झाली नाही ते घर नव्हे, धर्मशाळा. यांनी ते डोक्यात धरलेलं. म्हणाले, पहिल्या वर्षी घरातच करायची, जुन्या पद्धतीने. मला काय, मला माझं घर मिरवायचंच होतं, देवापुढे सुद्धा.

रविवारी सांजेला सण लागणार होता. दुपारी मी शेवंताबाईकडे गेले. ही मूळ इथल्याच सारसोळे गावची. जमिनी वसाहतीत गेल्या, त्याच्या बदल्यात नवऱ्याला, गोटीरामला, त्याच ऑफिसात शिपायाची नोकरी आणि हे क्वार्टर मिळालं होतं. बाई मनाची मोकळी, पण दिवसातून दहादा दार वाजवणार. विरजण द्या, नळ आला का, पोर कुठं गेलं. म्हणून मी तिला बजावलं.

"उद्या दिवसभर आमचं दार वाजवू नकोस. आणि कोणी आलंच तर सरळ सांग, घरात कोणी नाही."

ती म्हणाली, का गं वैनी, हायेत तर हाय सांगीन की. मी म्हटलं, तेवढं सगळं समजावत बसलीस तर तो माणूस दारातच गप्पा मारत बसेल. नाही म्हणून सांग आणि मोकळी हो. तिने मान हलवली. माफीचा सण लागायला चार तास होते आणि मी दुसरीच्या तोंडात खोटं घालून आले. त्या वेळी मनात एवढंसुद्धा आलं नाही, देवाशप्पथ.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला जिन्यात बुटांचे आवाज आले. नळाची वेळ होती, सगळ्या मजल्यावर बादल्यांची खडखड. आमची तेवढी मोरी कोरडी. हे खिडकीला चादर लावून पश्चिमेला तोंड करून प्रार्थनेला उभे. छताचा दिवा काल सांजेपासून जळत होता. दार वाजलं. मग कोणीतरी मोठ्याने म्हणालं, वाकरूळकर. थोडं थांबून पुन्हा, रहामिम वाकरूळकर. नोएमी, माझी नऊ वर्षांची मुलगी, ओ द्यायला उठली. मी तिच्या तोंडावर हात दाबला. यांनी मागे न बघता एक हात वर केला, म्हणजे गप्प. तिसरी हाक आली. आणि मग शेवंताबाईचा खणखणीत आवाज, "घरान कोनी नाय. कालपासना नाय."

मला हायसं वाटलं. मेलीने बरोबर सांगितलं, असं मनात म्हटलं. कागदाची कुरकुर ऐकू आली, बूट खाली गेले. नोएमीच्या गालावर माझी बोटं उमटली होती.

चौथ्या दिवशी रजिस्टरने नोटीस आली. तिच्याबरोबर पंचनाम्याची नक्कल. यांनी वाचली, मग माझ्या हातात दिली, आणि मी वाचता वाचता खालीच बसले. तिसऱ्या तपासणीतही घर बंद आढळले. तीन वेळा नाव घेऊन हाका मारल्या, आतून ओ मिळाली नाही. पाणी भरताना कोणी दिसले नाही. खिडकीच्या फटीतून आत दिवा जळताना दिसला, परंतु हालचाल नाही, सबब वापर असल्याचा देखावा. शेजाऱ्यांनी घरात कोणी नसल्याचे सांगितले. खाली पंच म्हणून दोन सह्या आणि एक अंगठा. अंगठा शेवंताबाईचा. पंधरा दिवसांत होणाऱ्या सुनावणीत खुलासा न पटल्यास घर काढून घेतले जाईल.

घर काढून घेतले जाईल. मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेल! जायचं कुठे? खोली गेली, दीर समुद्रापार, माझं माहेर म्हणजे भावाची गॅलरी. मी उठून मोरीवरून हात फिरवला, त्या दुसऱ्या मोरीवरून. मला तेव्हा देव आठवला नाही की सण आठवला नाही. फक्त जावेचा स्टोव्ह आठवला.

आणि मी तशीच उठून शेवंताबाईच्या दारात गेले. काय काय बोलले ते आता सांगायला लाज वाटते. घरभेदी म्हटलं, तुला माझं घर तुझ्या भावासाठी हवंय म्हटलं, अंगठा देताना लाज कशी वाटली नाही म्हटलं. सगळा मजला बाहेर आला. ती पदराचं टोक तोंडात धरून उभी. माझं संपल्यावर एवढंच म्हणाली,

"तुमीच सांगला ना वैनी. तुमी सांगला तसाच मी सांगला."

मी तशीच मागे फिरले. घरी आले आणि दाराला पाठ लावून रडले.

दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर पुन्हा गेले, या वेळी हात जोडून. म्हटलं, ऑफिसात येऊन एवढं सांग की मी खोटं बोलले, ती माणसं आतच होती. शेवंताबाई तयार झाली होती, खरं सांगते, चपला पायात घालत होती. पण गोटीराम आडवा आला. माणूस वाईट नाही. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, सरकारी पंचनाम्यान खोटा सांगला असा तिनं कबूल केला तं माझी नोकरी जाईल, नोकरी गेली तं हा क्वार्टर जाईल. जमीन तं आधीच गेली वैनी, आता आमी जावाचा कुठं? तो माझ्याच पोटातला गोळा माझ्यापुढे उकलून दाखवत होता.

जाता जाता त्यानेच मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, साहेबाला माणूस नको, कागद पायजे. दवाखान्यात होतो असा डॉक्टरचा कागद आणा, साहेब फाइल मिटवतील. अशा चार फायली मी मिटताना पायल्यात.

रात्री यांना सांगितलं. हे जेवत होते. घास खाली ठेवला.

"मी कुठे होतो, तुला माहीत आहे," म्हणाले. "वर्षात एकच दिवस मी कुठे असतो ते देव बघतो. त्या दिवशी मी दुसरीकडे होतो, असं लिहून देऊ?"

मी म्हटलं, देवाला माहीत आहेच ना, मग साहेबाला काहीही माहीत असलं तर काय बिघडलं? हे म्हणाले, साहेबाला मी खरं सांगेन. खरं ऐकलं की माणसाला कळतं. अकरा-बारा वर्षं या माणसाबरोबर काढली, पण इतका राग मला कधी आला नव्हता. पोरीला घेऊन फुटपाथवर बसलो की कळेल हो सगळ्यांना, असं ओरडले आणि ताट उचललं.

पुढचे आठ दिवस म्हणजे नुसता जीव टांगणीला. हे रोज कारखान्यातून आल्यावर पाटावर बसून खुलासा लिहायचे. दारफळणी म्हणजे काय, ती का पाळतात, बेने इस्राएल कोण. पाच पानं झाली. मला वाचून दाखवायचे. अक्षर काय सुंदर, आणि त्याचा उपयोग शून्य, हे मला दिसत होतं. मजल्यावरच्या बायका माझ्याकडे बघून आवाज खाली करायच्या. एक जण तर घर बघून गेला. खाली कोणीतरी सांगितलं होतं की हे रिकामं होणार आहे. त्याने आमच्या भिंती ठोकून पाहिल्या आणि वर छताकडे बघून म्हणाला, इथे गळतं वाटतं. मी त्याला बाहेर काढून दार त्याच्या तोंडावर आपटलं, आणि मग अर्धा तास भांडी घासत बसले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, यांना न सांगता, मी बसने मुंबईला गेले. माझा मामेभाऊ डॉक्टर. त्याच्यापुढे सगळं ओतलं. तो बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिला. मग म्हणाला, मलका, सगळं सोडून किप्पूरचाच दिवस? मी म्हटलं, तुला घर आहे, तू बोल. त्याने लिहून दिलं. रहामिम वाकरूळकर यांना सतरा सप्टेंबर ते तीस सप्टेंबर न्यूमोनियासाठी माझ्या देखरेखीखाली मुंबईत ठेवले होते, पत्नी व मुलगी सोबत होत्या. सही, शिक्का. मी तो कागद चोळीत ठेवला. पर्समध्ये ठेवायचं धैर्य झालं नाही, हे पर्समध्ये बसचे सुटे पैसे शोधायचे.

सुनावणीला हे पांढरा शर्ट घालून आले, दारफळणीच्या दिवशीचाच. साहेब उतारवयाचे, चष्मा कपाळावर, टेबलावर फायलींचा ढीग. माणूस तुसडा नव्हता. यांची पाच पानं त्यांनी खरंच वाचली. पंख्याखाली बसून आम्ही त्यांचे ओठ हलताना बघत होतो. गोटीराम पाण्याचे ग्लास ठेवून दाराशी जाऊन उभा राहिला, माझ्याकडे न बघता.

साहेबांनी यांना विचारलं, हाका ऐकू आल्या? हे म्हणाले, आल्या. तीन. मग ओ का दिली नाही? हे म्हणाले, त्या दिवशी दार देवाखातर बंद असतं साहेब, माणसाला उघडत नाही. साहेबांनी चष्मा खाली ओढला.

"मला पटलं," ते म्हणाले. "पण मी वर काय लिहू? शेजारीण सांगते कोणी नव्हतं. तुमच्या बाजूने बोलणारा एक माणूस दाखवा."

खोलीत एक माणूस होता. तो दाराशी हात मागे बांधून उभा होता आणि त्याची नजर फरशीवर होती. मी त्याच्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं. यांनाही माहीत होतं. यांनी गोटीरामचं नाव घेतलं नाही. "असा माणूस नाही," एवढंच म्हणाले.

साहेबांनी पेन उचललं. मला दिसलं, ते आता लिहिणार. आणि ते लिहिलं की संपलं. मी उठले, पाठमोरी झाले, कागद काढला आणि टेबलावर ठेवला. घामाने ओला झाला होता. साहेबांनी तो उलगडून वाचला. मग त्यांनी यांची पाच पानं एका हाताने उचलली, तो एक कागद दुसऱ्या हाताने, आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, न कळायला काय झालं?

"वाकरूळकर," ते सावकाश म्हणाले, "दोन्ही खरं असू शकत नाही. हा कागद खोटा आहे असं तुम्ही म्हणालात तर मला तो घेता येणार नाही. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत तर मी तो फाइलला लावीन. वाकरूळकर, हा कागद बरोबर आहे का?"

हे गप्प.

"रहामिम वाकरूळकर?"

पंख्याचा आवाज येत होता. मी यांच्या मनगटाकडे बघत होते. चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. साहेबांनी तिसऱ्यांदा नाव घेतलं. आतून ओ आली नाही.

साहेबांनी पाच पानं यांच्यापुढे सरकवली आणि तो एक कागद फाइलला टोचला. घर कायम.

परतताना हे माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. मी बोलत सुटले, माझी सवयच ती. देव समजून घेईल, पोरीच्या डोक्यावर छप्पर राहिलं, तुम्ही खोटं बोललाच नाहीत, बोलले ते मी. हे जिना चढले, किल्ली लावली आणि सरळ आत गेले. मेझुझाला हात लावला नाही. नोएमीच्या लगेच लक्षात आलं. म्हणाली, पपा, मेझुझा. हे म्हणाले, हात मळलेत बेटा.

मला वाटलं, आजच्यापुरतं असेल. नंतर कळलं, तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून कामाला निघाले तेव्हाही हात खिशात. त्या रविवारी नाईट लॅच काढलं, जुनी कडी बसवली, भोकांत लांबी भरून रंग दिला. शुक्रवारी दिवा टांगायचे, वल्हांडणाला चुना दिला, गळती पुन्हा लागली तेव्हा पुन्हा डांबर लावलं. घराचं सगळं केलं. माझ्याशीही नीट वागायचे, आवाज चढवला नाही. पण दारातून आत येताना लॉजवर उतरलेला माणूस येतो तसे यायचे. एकदा मी चिडून म्हटलं, अहो हात धुवा आणि लावा एकदा. हे म्हणाले, धुऊन पाहिले. मी त्या रात्री झोपू शकले नाही. घर माझ्या हातात होतं, आणि ते आवडणारा माणूस त्यात राहत नव्हता.

पुढल्या वर्षी दारफळणी शुक्रवारी सांजेला लागणार होती. दुपारी शेवंताबाई आपण होऊन आली. वर्षभर आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोलत होतो. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने विचारलं, "वैनी, उद्या कोनी आला तं काय सांगू?"

"आत आहेत म्हणून सांग," मी म्हटलं. "दार उघडत नाहीत, पण आत आहेत."

सण लागायच्या आधी आमच्यात लहानांनी मोठ्यांची, बायकोने नवऱ्याची माफी मागायची रीत आहे. दरवर्षी मी घाईघाईत पायाला हात लावून स्वयंपाकघरात पळायचे. या वर्षी बसले. म्हटलं, मी तुमचं घर वाचवलं आणि तुम्हालाच त्यातून काढलं. मला माफ करा.

यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. किती महिन्यांनी.

"तू कशाला माफी मागतेस?" म्हणाले. "हाक तुला मारली नव्हती मलका. मला मारली. तीनदा. दोन्ही वेळा मीच गप्प बसलो. पहिल्या वेळी देवासाठी. दुसऱ्या वेळी या भिंतींसाठी. मलाही घर हवंच होतं."

मग म्हणाले, "दार तू लाव. कागदावर मी या घरात नाही." मी लावलं. कडी मीच घातली.

शनिवारी सकाळी कोणीतरी जिना चढून आलं. दार वाजलं. "रजिस्टर आहे, रहामिम वाकरूळकर," पोस्टमनचा आवाज. नोएमी आता दहा वर्षांची, तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. दुसरी हाक आली. आणि समोरचं दार उघडलं.

"घरान हायेत," शेवंताबाई म्हणाली, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "तिगंबी हायेत. गेल्या सालीबी होती. आज त्यांचा सन हाय, दार नाय उघडनार. तू सोमवारी ये."

जिन्यातून पावलं उतरली. यांच्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तक खाली आलं. खांदे हलत होते. मी जवळ गेले नाही, त्या दिवशी जवळ जात नाहीत. नोएमीने मला हळूच विचारलं, पपा का रडतात? मी तिला म्हटलं, गप बस, प्रार्थना चाललीय. तारे दिसल्यावर कडी यांनी काढली.